उगाच

शुक्रवारी दुपारी पोलीस दारोदार फिरले
जेविकच्या बुटक्या बंगल्यांतून,
ज्यांच्या छपराला माझाही हात पोचतो.
रात्री मोठी भरती आहे, म्हणाले.
औषधं घ्या, कागदपत्रं घ्या, निघा.
मी आयव्ही पर्टवीच्या पायाचं ड्रेसिंग बदलत होते.
तिनं एकही प्रश्न विचारला नाही.
बजीचा पिंजरा, वाचायचा चष्मा, बिस्किटांचा डबा,
सगळं आधीच दाराशी काढून ठेवलेलं.
सकाळी रेडिओवर सांगितलं होतं म्हणे.

बसमध्ये कॉलिन ममफर्डची कुरकुर:
मागच्या वेळीही असंच. आलं का काही?
चहा अर्धा टाकून उठायचं,
कारण एक्सेटरात बसलेलं कुणी पोरगं
नकाशावर लाल रंग ओततंय.

त्या पोराला मी पाहिलेलं नाही.
रात्रपाळी मात्र मला ठाऊक आहे.
तीन वाजताचं गार सँडविच, डोळ्यांत वाळू,
आणि त्याच त्या आकड्याकडे पुन्हा पुन्हा पाहणं,
मी वॉर्डात असताना पाहायचे तसं
झोपलेल्या माणसाच्या छातीकडे.
आधी ॲबरडीनचं मापक सांगतं, इतकं चढलं.
मग नॉर्थ शील्ड्स. मग व्हिटबी,
इमिंगहॅम,
मग लोस्टॉफ्ट.
उत्तरेकडून उतरणाऱ्या समुद्राचा
हातोहात निरोप.

शाळेच्या हॉलमध्ये कसरतीच्या निळ्या गाद्या.
कुणाचं तरी कुत्रं सगळ्यांचे बूट हुंगत फिरतंय.
आयव्हीनं पिंजऱ्यावर आपला स्वेटर घातला
आणि वाणसामानाची यादी वाचावी
तसं त्रेपन्न सालचं सांगितलं.
ती नऊची. लेनर्ड सहाचा.
जानेवारीतली शनिवारची रात्र.
लिंकनशायरात संध्याकाळीच
लोक छपरांवर चढले होते.
तिथून इथवर यायला पाण्याला
चांगले पाच-सहा तास लागले.
वाटेत केवढी गावं, केवढे टेलिफोन,
केवढे स्टेशनमास्तर कंदील घेऊन जागे.
पाणी आलं. निरोप नाही आला.
"झोपलो होतो गं आम्ही.
इतकी छान झोप लागली होती."

पुढचं तिनं सांगितलं नाही.
बजीनं स्वेटराखाली खुडबुड केली,
मी उठून तिच्यासाठी चहा आणला,
साखर घालायला विसरले.

मध्यरात्रीनंतर कधीतरी वारा फिरला.
भरती आली, बांधाच्या कडेला टेकली, ओसरली.
सकाळी म्हणाले, जा घरी.

दारं होती तशीच. पायपुसणी कोरडी.
कॉलिनच्या कपात कालच्या चहावर साय.
उगाच, तो म्हणाला.
इंग्रजीतच म्हणाला अर्थात,
माझ्या कानांनी ते मराठीत घेतलं.
आमच्याकडे या शब्दाला बरीच कामं असतात:
उगाच हेलपाटा, उगाच खर्च,
उगाच जिवाला घोर.
मीही काल दुपारी मनात म्हणालेच होते,
अजून तीन घरची ड्रेसिंगं राहिलीत.
बुडालेल्यांच्या नावांची पाटी लागते.
काल रात्री जे गाद्यांवर घोरत पडले होते
त्यांची कुठे लागणार?

आयव्ही माझ्या दंडाला धरून पायरी चढली,
अर्ध्यावर थांबली, कुंपणापलीकडे वळली.
"कॉलिन," ती म्हणाली, अगदी शांतपणे,
"आमच्या लेनर्डला
कुणी उगाच उठवलं नाही."

त्यानं कप तसाच हातात धरून ठेवला.

मग आत जाऊन तिनं बजीला दाणे घातले,
पाय स्टुलावर ठेवला, म्हणाली, कर आता तुझं काम.
कालची पट्टी सैल पडली होती.
मी डबा उचलून फडताळाकडे निघाले,
तर म्हणाली, नको,
दाराशीच असू दे.